आरतीनंतरचा सिनेमा

लॅपटॉपसमोर चपला काढून बसणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं. प्रमिलाताई श्नायडर. जन्म बडोद्याच्या मराठी घरातला, लग्न जर्मन माणसाशी, आणि सगळी नोकरी लुडविग्सहाफेनच्या रसायनांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत. मी पुण्याहून तिथे राहायला गेले तेव्हा त्या निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. त्या दुसऱ्या मजल्यावर राहायच्या, मी तिसऱ्यावर. त्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील, आणि अजूनही लॅपटॉप उघडताना माझं लक्ष आधी पायांकडे जातं.

आमची ओळख जिन्यात झाली. जिना पुसायची पाळी माझी होती आणि मी पुणेरी पद्धतीने बादलीभर पाणी ओतून मोकळी झाले होते. पाणी पायऱ्या उतरत त्यांच्या दारापर्यंत पोचलं. दार उघडून एक बुटक्या, गोऱ्या, बॉबकट केलेल्या बाई बाहेर आल्या, पाण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि शुद्ध मराठीत म्हणाल्या, "महाराष्ट्रातली ने तू?" मला पुढे बरेच दिवस त्या 'ने'चा उलगडा होत नव्हता. बडोद्याचं मराठी असं वाक्याच्या शेवटी गुजराती शेपूट हलवत चालतं.

दुसऱ्या दिवशी त्या वर आल्या त्या मखमली फडक्यात गुंडाळलेली व्हिडिओ कॅसेट घेऊन. मी कॉम्प्युटरमध्ये काम करते हे त्यांना कळलं होतं. मी विमा कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहायचे. पण बाहेर 'कॉम्प्युटरवाली' म्हटलं की प्रिंटरपासून मिक्सरपर्यंत सगळं दुरुस्त करता यावं अशी अपेक्षा असते. ती कॅसेट मी मानहाइमच्या एका दुकानात नेऊन कॉम्प्युटरवर चालेल अशी करून आणली. बघायला त्या आल्या, खोलीच्या उंबऱ्यावर घरातल्या सपाता काढल्या, टेबलावरचा माझा कॉफीचा मग उचलून स्वयंपाकघरात ठेवून आल्या आणि मग खुर्चीत बसल्या. मी पायांत लोकरीचे मोजे घातले होते. ते काढू का, असं विचारलं, तर म्हणाल्या, "राहू दे. थंडी मातेलाही कळते."

कॅसेटमध्ये होता एक जुना गुजराती सिनेमा, देवीचा. त्याचं नाव त्या कधी घेत नसत, नुसतं 'मातानुं पिक्चर' म्हणत. गोष्ट लोककथेतली. एका गावातली पायऱ्यांची विहीर, म्हणजे वाव, आटते, आणि आटते नेमकी धाकटी सून लग्न होऊन गावात येते त्याच दिवशी. झालं, सून पांढऱ्या पायाची. सासू छळते, गाव तोंड फिरवतं. एक दिवस एक म्हातारी पालथा घडा डोक्यावर घेऊन दारात येते आणि पाणी मागते. घरात तांब्याभरच पाणी असतं, ते सून तिला देऊन टाकते. म्हातारी त्या घरात मोलकरीण म्हणून राहते. ती कोण आहे हे आपल्याला पहिल्या क्षणापासून कळतं, फक्त त्या गावाला कळत नाही. शेवटी वावेच्या पायऱ्यांवर देवी प्रकट होते, तिची आरती होते आणि पाणी एकेक पायरी वर चढतं.

सगळे संवाद त्यांना पाठ होते. नट बोलायच्या आधी त्या बोलायच्या, आणि नट त्यांच्यामागून म्हटल्यासारखं म्हणायचा. सासूचं काम करणाऱ्या नटीवर त्यांचा व्यक्तिगत राग होता. ती पडद्यावर आली की त्या तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत. ते गुजराती मला समजत नव्हतं, तरी समजायचं ते समजलं.

ही अशी भाविक बाई बाकी आयुष्यात पक्की प्रयोगशाळेतली होती. कांदा चिरताना त्या कारखान्यातला जुना सेफ्टी चष्मा लावत. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर नाव आणि भरल्याची तारीख असायची, आणि तिखटाच्या डब्यावर उद्गारचिन्हाचं लाल त्रिकोणी लेबल. ते जर्मन पाहुण्यांसाठी होतं, आणि त्यामागे म्हणे एका पाहुण्याचा अनुभव होता. आमटीला मीठ किती घालायचं असं विचारलं की 'अंदाजाने' हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. त्या वजनकाटा काढायच्या.

नवऱ्याचं नाव मात्र त्या घेत नसत. डीटर श्नायडर हा सहा फुटी, निळ्या डोळ्यांचा माणूस सबंध संसारभर 'अहो' या हाकेला ओ देत आला होता. त्याला ते आपलं लाडाचं नाव वाटायचं. त्याच्या केगलिंगच्या क्लबातले, म्हणजे लाकडी सोंगट्यांवर चेंडू टाकून खेळणारे त्याचे सगळे म्हातारे मित्रही त्याला 'आहो' म्हणायचे. वाढदिवसाच्या केकवर क्रीमने लिहिलेलं 'आहो' मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मी एकदा त्याला अर्थ सांगायला निघाले होते. प्रमिलाताईंनी टेबलाखालून माझा पाय दाबला.

हा सिनेमा त्यांनी लहानपणी बडोद्याच्या टॉकीजमध्ये पाहिला होता, आईबरोबर, दुपारच्या बायकांच्या खेळाला. त्याचं वर्णन त्या जेवताना करायच्या आणि करताना जेवायचं विसरायच्या. टॉकीजच्या दारात चपलांचा ढीग. पहिल्या रांगेत नवस बोललेल्या बायका. देवी प्रकट होण्याची वेळ आली की मॅनेजर स्वतः आरतीचं ताट घेऊन पडद्यासमोर यायचा, अर्धे दिवे लागायचे, पडद्याच्या दिशेने फुलं उडायची, आणि सगळं थिएटर उभं राहून आरती म्हणायचं. मग दारात खोबरं-साखर. मग त्या ढिगातून आपल्या चपला शोधणं. त्यांच्या आईला दर खेळाला दुसऱ्याच कुणाच्या तरी चपला मिळायच्या, आणि त्याला ती मातेचा प्रसाद म्हणायची.

हे सगळं पुन्हा एकदा व्हावं असं त्यांच्या मनाने घेतलं, त्याला कारण होतं. त्यांचे डोळे जात होते. दृष्टीच्या मधोमध एक करडा डाग पडला होता आणि तो पसरत होता. डॉक्टर डोळ्यांत इंजेक्शनं द्यायचे, पण त्यांनीही स्पष्ट सांगितलं होतं की आम्ही वेग कमी करू शकतो, थांबवू शकत नाही. लॅपटॉपवर आता त्यांना देवीच्या जागी फक्त एक धुरकट ठिपका दिसायचा. म्हणून मोठा पडदा हवा होता, माणसं हवी होती, आरती हवी होती. "एकदा मोठ्या पडद्यावर दर्शन झालं की मग गेले डोळे तरी फावेल," असं त्या म्हणाल्या. फावेल म्हणजे चालेल. मला गलबलून आलं आणि ते लपवायला मी फ्रीज उघडून उभी राहिले.

गावात एक छोटं सिनेमागृह होतं, हौशी मंडळी चालवायची तसं. तिथे जुने इराणी, पोलिश, जपानी सिनेमे लागत आणि पाच-दहा माणसं शांतपणे बघून घरी जात. ते चालवणाऱ्या लोरेन्झ नावाच्या गृहस्थांना प्रमिलाताई जाऊन भेटल्या. मीही सोबत होते. भारतीय लोककथेवरचा सिनेमा म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. बूट बाहेर काढायचे, ठीक. फुलं, ठीक, नंतर झाडून द्यावी लागतील. मग आरती आली, आणि लोरेन्झ खुर्चीत ताठ झाले. बंद सभागृहात उघडी ज्योत? ब्रांडशुत्झ, म्हणजे आगीचे नियम, असा विषय निघाला की जर्मन माणूस देवाचंही ऐकत नाही.

मला वाटलं आता इथे भांडण होणार. पण ज्वालाग्राही द्रावणांबरोबर आयुष्य काढलेली बाई ती. त्यांनी मान डोलावली, "गेनाऊ, बरोबर आहे तुमचं" म्हणाल्या आणि पर्समधून बॅटरीवर चालणाऱ्या इवल्या पणत्या काढून टेबलावर मांडल्या. नकार येणार हे धरूनच त्या आल्या होत्या. बाहेर पडल्यावर मी विचारलं, देवीला चालेल का हे. त्या म्हणाल्या, "जी मोलकरीण होऊन भांडी घासते, ती बॅटरीला नाक मुरडेल होय?"

थिएटरात दाखवायचा तर कॅसेटवरची नक्कल चालणार नव्हती. निर्मात्याचा मुलगा अहमदाबादला असतो असा शोध लागला. मी त्याला ईमेल केली, आणि त्या भल्या माणसाने परवानगीबरोबर चांगली स्वच्छ प्रतही पाठवली. जर्मन प्रेक्षकांसाठी खाली जर्मन ओळी टाकायच्या होत्या. म्हणून रविवारी आम्ही बसायचो. त्या एकेका संवादाचा अर्थ सांगत आणि मी तो टाइप करी. म्हातारीच्या बोलण्याला साधं जर्मन हवं, सासूच्या बोलण्याला कचेरीतलं, असा त्यांचा आग्रह होता. त्या ओघात मलाही कामापुरतं गुजराती यायला लागलं.

अशाच एका रविवारी आम्ही शेवटाला आलो. देवी प्रकट झाली, प्रमिलाताईंनी हात जोडले, आणि आरती संपल्यावर चहा ठेवायला उठल्या. मी फाइल बंद करणार तेवढ्यात खालच्या पट्टीकडे नजर गेली. सिनेमा संपला नव्हता. चांगला वीसेक मिनिटांचा उरला होता.

"ताई, अजून आहे," मी म्हटलं.

"जाहिरात असेल," त्या आतून म्हणाल्या.

जाहिरात नव्हती. देवी गुप्त झाली होती, तीच वाव होती, तीच सून होती. मी हाक मारली, पण त्या दारापाशीच थांबल्या, पुढे आल्या नाहीत. कुणीतरी मागाहून जोडलं असणार, असं त्यांचं म्हणणं पडलं. मी म्हटलं, नटी तीच आहे, वयही तेच आहे. त्या चहा बघायला आत वळल्या. माझी तर उत्सुकता आता आवरत नव्हती. त्यांची कॅसेट मी पुन्हा लावून बघितली. आरती संपते तिथेच ती संपत होती. ज्या कुणी ती बडोद्यात भरली होती, त्याने आरतीनंतर यंत्र बंद केलं होतं, घरी जायची वेळ झाल्यासारखं.

मग फोनाफोनी सुरू झाली. पहिला फोन बडोद्याला, बालमैत्रीण कोकिळाबेनला. स्पीकरवरून तिचा ठणठणीत आवाज आला, "पाछळ कशुं नथी, प्रमिला. पाछळ तो चंपल शोधवानां." म्हणजे मागे काही नाही, मागे फक्त चपला शोधायच्या. नवसारीची मावसबहीण तेच म्हणाली. लेस्टरची भाची म्हणाली की आमच्याकडे सीडी होती, पण आई आरतीनंतर टीव्ही बंद करून त्यावर कापड घालायची. भावनगरच्या एका ओळखीच्या बाईंनी तेवढं नवऱ्याला विचारून सांगितलं की ते एकदा थिएटरात झोपले होते, जाग आली तेव्हा पडद्यावर कुणीतरी विहिरीवर काम करत होतं. बाकी कुणालाही पत्ता नव्हता. मला हे अजब वाटत राहिलं. गावोगावच्या इतक्या बायकांचा जीव की प्राण असलेला सिनेमा, आणि त्याचा शेवट त्यांच्यापैकी एकीनेही पाहिलेला नाही. दर्शन झाल्यावर मागे बसून राहणं म्हणजे पंगतीत विडा दिल्यावर पुन्हा पान मांडून बसण्यासारखं, असं एकूण सगळ्यांचं मत दिसलं.

मला वाटलं होतं, प्रयोगशाळेतली बाई आहे, आता स्वतःहून बघेल. मी तसं म्हटलंही. तेव्हा त्या पहिल्यांदा माझ्यावर चिडल्या. मग जरा वेळाने शांतपणे म्हणाल्या, "अगं, मला मोजकं दिसायचं उरलंय. मोठ्या पडद्यावरचं शेवटचं जे बघेन ते मातेचं दर्शन असू दे ने. त्याच्यावर दुसरं काही नको." उरलेल्या भागात बोलणं फार थोडं होतं. माझ्या मोडक्या गुजरातीवर मी त्याच्या ओळी टाकल्या आणि तो विषय पुन्हा काढला नाही. लोरेन्झना मात्र सिनेमा मध्येच तोडणं मान्य नव्हतं. सिनेमा शेवटपर्यंत दाखवला जाईल, ज्यांना उठायचं असेल त्यांनी उठावं, असं त्यांनी ठरवलं. प्रमिलाताई म्हणाल्या, ठीक, आम्ही उठू.

खेळाच्या दिवशी फ्रँकफर्टहून गुजराती बायका आल्या, भरजरी साड्यांवर हिवाळी जाकिटं घालून. आसपासचे मराठी लोक आले. डीटरचा अख्खा केगलिंगचा क्लब आला. दारात बुटांचा ढीग झाला, आणि बिचारे जर्मन आपापली जोडी कडेला नीट लावून ठेवत होते. कोण्या बाईने ती पुन्हा ढिगात लोटली. प्रमिलाताईंनी मोतिया रंगाचं पाटण पटोळं नेसलं होतं आणि त्या अनवाणी पायांनी इकडून तिकडे सूचना देत फिरत होत्या.

त्या दिवसांत डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांना एक युक्ती शिकवली होती. मधला डाग टाळायचा तर जे बघायचं त्याच्याकडे बघायचंच नाही, बाजूला बघायचं. मग ते कडेने दिसतं. त्यामुळे सिनेमाभर त्या माझ्या शेजारी मान वळवून, बाहेर जायच्या दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. पलीकडच्या बाईंनी मला हळूच विचारलं, यांना आवडत नाहीये का?

देवी प्रकट झाली. पडद्यावर नाही, अंगावर आली, एवढी मोठी. बायका उभ्या राहिल्या, बॅटरीच्या पणत्या लागल्या, आरती सुरू झाली. क्लबातले म्हातारेही उभे राहिले आणि टाळ्यांचा ठेका चुकत चुकत धरू लागले. प्रमिलाताई ताट ओवाळत होत्या आणि तोंड दाराकडेच होतं. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "दिसली," त्या मला म्हणाल्या, "नथसुद्धा दिसली." मी त्यांचा हात घट्ट धरला. इतक्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आरती संपली आणि रिवाजाप्रमाणे बायका भराभर बाहेर निघाल्या, प्रसादाकडे आणि बुटांकडे. जर्मन मंडळी पुन्हा खाली बसली. सिनेमा चालू असताना उठायचं त्यांना ठाऊक नसतं. डीटर बायकोचा कोट हातावर घेऊन उभा राहिला. आम्ही खुर्च्यांच्या दोन रांगांमधून निघालो, आणि तेव्हा सभागृह एकदम शांत झालं. पडद्यावर वाद्यं नव्हती, गाणं नव्हतं. नुसता घड्यात पाणी भरल्याचा आवाज येत होता.

त्या थांबल्या. पाठ पडद्याकडे होती. "काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, सकाळ झालीय, सून पाणी काढतेय.

"एकटीच?"

"एकटीच."

"आणि माता?"

"माता गेली, ताई. आता नाही दिसत परत."

पाण्याचा आवाज येत राहिला. सून घडा भरते, डोक्यावर घेते, पायऱ्या चढायला लागते. कुणी मदतीला नाही, चमत्कार नाही, रोजचं काम. पायऱ्या बऱ्याच आहेत आणि दिग्दर्शकाने एकही गाळलेली नाही. मधे ती थांबते, दम खाते. प्रमिलाताई ताट हातात धरून ऐकत होत्या. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला दिसत होतं. आता वळल्या तर डोळ्यांत भरून घेतलेल्या दर्शनावर हे दुसरं काहीतरी बसणार, आणि पुन्हा मोठा पडदा मिळणार नाही. डीटरने कोट पुढे केला.

तेवढ्यात पडद्यावर दुसरी पावलं वाजली. वरून सासू उतरत होती. मी सांगायला तोंड उघडलं, तर प्रमिलाताईंनी मला हाताने गप्प केलं.

"अहो, बसा," त्या डीटरला म्हणाल्या. "अजून आहे."

तो बसला. त्या कडेच्या खुर्चीवर बसल्या, ताट मांडीवर घेतलं, आणि बघायचं म्हणून तोंड फिरवलं ते दाराकडे. दारात फ्रँकफर्टच्या बायका हातात खोबरं-साखर घेऊन प्रमिलाबेन, चला, म्हणून खुणावत उभ्या होत्या. सासूने सुनेच्या डोक्यावरचा घडा उतरवून आपल्या कमरेवर घेतला, तेव्हा प्रमिलाताईंनी थांबा म्हणून हात वर केला. दारातल्या बायकांना वाटलं, त्या आपल्याकडेच बघून आपल्याला बोलावताहेत. एकमेकींकडे बघत त्या आत आल्या, आणि एकेक करून पुन्हा खुर्च्यांवर बसल्या.